नववीच्या वेळापत्रकात एक तासिका राखून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हजार-दीड हजार पटाच्या हायस्कुलात नववीचे मूल रोज सहा-सात शिक्षकांसमोर बसते. गणिताच्या बाईंना त्याची वही कोरी दिसते, इंग्रजीच्या सरांना ते गप्प दिसते, वर्गशिक्षकांना हजेरीपटावर त्याचे खाडे वाढताना दिसतात. पण या तिघांनी त्या मुलाबद्दल एकत्र बसून बोलावे अशी वेळ आठवड्याच्या वेळापत्रकात कुठेच नसते. मूल शाळा सोडते तेव्हा तिघांनाही ते कळते, आणि तिघांनाही ते अचानक घडले असे वाटते.

नववी हे यातले सर्वांत नाजूक वर्ष. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. सातवी-आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतून आलेली मुले मोठ्या हायस्कुलात अजून पुरती रुळलेली नसतात आणि तेवढ्यात बीजगणित, भूमिती, विज्ञान अंगावर येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच चार वर्षांचा टप्पा मानला आहे. त्यामुळे मोठ्या शाळा आणखी मोठ्या होण्याचीच शक्यता अधिक. अशा शाळेत छोटे अध्ययन समूह करावेत, म्हणजे ठरावीक मुले आणि ठरावीक शिक्षक यांची शाळेतच एक छोटी शाळा करावी, ही कल्पना नवी नाही. ती टिकते कशावर आणि मोडते कुठे, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. हजार किंवा त्याहून अधिक पट असलेल्या हायस्कुलांना असे समूह करण्यासाठी तिथल्या केंद्र सरकारने 2000 पासून अनुदान दिले. गेट्स प्रतिष्ठाननेही या कामात मोठा पैसा ओतला आणि 2009 मध्ये बिल गेट्स यांनी जाहीरपणे सांगितले की, यातल्या बऱ्याच शाळांत मुलांच्या अभ्यासात म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. पण न्यूयॉर्कमध्ये चित्र वेगळे दिसले. तिथे इयत्तेमागे साधारण शंभर मुले असलेल्या नव्या छोट्या शाळा निघाल्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने प्रवेश सोडतीने द्यावे लागले, त्यामुळे प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची न्याय्य तुलना करता आली. 2010 च्या अहवालानुसार, अभ्यासल्या गेलेल्या पहिल्या वर्षीच्या मुलांत चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण प्रवेश न मिळालेल्यांत 61.9 टक्के, तर प्रवेश मिळालेल्यांत 68.7 टक्के होते. आमच्या मते फरक इमारतीचा किंवा नावाचा नव्हता. जिथे शिक्षकांचा गट तोच राहिला आणि त्याला एकत्र बसायला वेळ मिळाला तिथे काम झाले. जिथे फक्त मजल्यांना नावे आणि मुलांना वेगळ्या रंगाचे शर्ट मिळाले तिथे काहीच बदलले नाही. आपल्याकडे क्रीडास्पर्धांसाठी लाल, निळे, हिरवे गट असतात. त्यांनाच अध्ययन समूह म्हणून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. नववीच्या सहा तुकड्या आणि प्रत्येकी 60 मुले असतील तर तीन-तीन तुकड्यांचे दोन समूह करावेत. एका समूहात 180 मुले आणि पाच शिक्षक: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. दोन तुकड्यांचा समूह अधिक आटोपशीर वाटतो, पण त्यात शिक्षकाचा कार्यभार भरत नाही आणि त्याला तीन-चार इयत्तांत फिरावे लागते. तीन तुकड्यांत गणिताला आठवड्याला सात तासिका धरल्या तर 21 होतात, भाषेला सहा धरल्या तर 18. उरलेला भार आठवीत देता येतो. आजही गणिताचे शिक्षक तीन-चार तुकड्यांना शिकवतातच. फक्त त्या 9 अ, 10 क, 8 ब अशा विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक तुकडीत सहकारी निराळे. इथे मुलांची संख्या वाढत नाही आणि नवे पदही लागत नाही, वाटप तेवढे बदलते. पाच शिक्षकांत 180 मुले वाटली की प्रत्येकाकडे 36 मुलांचे पालकत्व येते. तिन्ही वर्ग एकाच मजल्यावर, शेजारीशेजारी असावेत. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत समूहाच्या तिन्ही तुकड्या एकाच अधिवेशनात असल्याच पाहिजेत, नाहीतर शिक्षकांची गाठच पडत नाही.

खरी कसोटी आहे ती पाचही शिक्षकांना एकाच वेळी मोकळी मिळणारी तासिका. ती आपोआप मिळत नाही. पाचही जण मोकळे हवेत तर त्या वेळी समूहाच्या तिन्ही तुकड्या दुसऱ्या कुणाकडे तरी हव्यात. म्हणून दोन तुकड्या एकत्र मैदानावर शारीरिक शिक्षणाला आणि तिसरी चित्रकला, संगणक किंवा ग्रंथालयात, असा मेळ आधी बसवावा लागतो, आणि पुढच्या आठवड्यांत तुकड्यांची अदलाबदल करावी लागते. त्याच वेळी पाचांपैकी कुणाचाही आठवीवर तास नको. नववी-दहावी मिळून चार समूह असतील तर अशा चार तासिका चार वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात, कारण क्रीडाशिक्षक आणि कलाशिक्षक सगळ्या शाळेत मिळून एखाद-दुसरेच असतात. वेळापत्रक करताना या चार तासिका सर्वांत आधी लिहाव्यात. मग हिंदी-संस्कृतच्या समांतर तासिका, मग प्रयोगशाळा, आणि शेवटी बाकीचे सगळे. उलट क्रमाने गेले की शेवटी जागा उरत नाही आणि ‘शनिवारी शाळा सुटल्यावर बसू’ असे ठरते. ते महिनाभरसुद्धा टिकत नाही. हे काम मे महिन्यातच व्हायला हवे.

त्या चाळीस मिनिटांत काय करायचे हेही ठरलेले असावे. पहिली दहा मिनिटे फक्त हजेरी: गेल्या आठवड्यात तीन किंवा अधिक दिवस न आलेली मुले कोण? पुढची वीस मिनिटे चार-पाच मुलांसाठी. प्रत्येकाबद्दल पाचही शिक्षकांनी आपापल्या तासातले निरीक्षण सांगायचे आणि एकानेच जबाबदारी घ्यायची: घरी फोन, वाचनाची तपासणी, जागा बदलणे, जे लागेल ते. शेवटची दहा मिनिटे पुढच्या आठवड्यातल्या चाचण्या आणि गृहपाठ एकाच दिवशी येत नाहीत ना, हे पाहण्यासाठी. एका साध्या वहीत मुलाचे नाव, काय करायचे, कोण करणार आणि झाले का, एवढे चार रकाने पुरतात. परिपत्रके, ऑनलाइन माहिती भरणे, स्नेहसंमेलन हे विषय या बैठकीत नकोत. एकदा ते शिरले की मुलांचे विषय मागे पडतात.

बिघाडाची सर्वांत मोठी जागा तुकड्या पाडतानाच तयार होते. सेमी-इंग्रजीच्या दोन तुकड्या आणि एक हुशार मुलांची असे मिळून एक समूह केला, तर दुसरा समूह आपोआप ‘मागचा’ ठरतो. मुलांना ते पहिल्याच आठवड्यात कळते. म्हणून प्रत्येक समूहात एक सेमीची आणि दोन मराठी माध्यमाच्या तुकड्या हव्यात. यात गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना दोन्ही माध्यमांत शिकवावे लागेल. ते कष्टाचे आहे आणि पहिल्या वर्षी त्यांना परिभाषेसाठी मदत द्यावी लागेल, पण याला पर्याय नाही. संस्कृतची मुले एका तुकडीत गोळा करण्याची सवयही सोडावी. तिन्ही तुकड्यांचा हिंदी-संस्कृतचा तास एकाच वेळी ठेवला की संस्कृतची मुले एका खोलीत आणि हिंदीची दोन खोल्यांत बसतात, आणि मूळ तुकडी मिश्र राहते. हे शिक्षक दोन्ही समूहांना लागतात, म्हणून दोन समूहांच्या या तासिका वेगवेगळ्या वेळी याव्यात.

काही शाळा ‘आधी एकच समूह करून बघू’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्या एका समूहाला उत्साही शिक्षक आणि बरी मुले मिळतात, बाकीच्यांत नाराजी पसरते आणि निष्कर्ष काहीच निघत नाही. पूर्ण नववी एकदम घ्यावी, दहावीला पुढच्या वर्षी हात घालावा. आणि नववीचा गट मुलांबरोबर दहावीत जावा. दहावीचे शिक्षक ठरलेले असतात, निकालाच्या काळजीने मुख्याध्यापक ती घडी मोडायला तयार नसतात. पण मुलांच्या उणिवा वर्षभर जवळून पाहिलेला शिक्षक जूनपासूनच दुरुस्ती सुरू करू शकतो. नव्या शिक्षकाला त्या उणिवा समजायलाच सहामाही उजाडते.

दुसऱ्या वर्षी मोडतोड होते ती प्रामुख्याने दोन कारणांनी. एक म्हणजे बदली तासिका. कुणी रजेवर गेले की मोकळ्या दिसणाऱ्या शिक्षकाला तास दिला जातो आणि बैठकीची तासिका पहिली बळी जाते. बदली तासिकांच्या तक्त्यावर तिच्यापुढे ‘राखीव’ असे लिहावे आणि पर्यवेक्षकांनी ते पाळावे. दुसरे कारण बदल्या. अनेक शाखांच्या संस्थांत एका समूहातले दोघे-तिघे एकदम बदलले जातात. संच मान्यतेनंतर, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरल्यावर, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे दुसऱ्या शाळांत समायोजन वर्षाच्या मध्यावर होते. पाचांपैकी एक बदलला तर उरलेले चौघे नव्याला सामावून घेतात. दोघे-तिघे गेले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संस्थांनी एका वर्षी एका समूहातून एकापेक्षा जास्त शिक्षक न हलवण्याचा नियम स्वतःहून करावा.

शालेय शिक्षण विभागाकडे मागणी एवढीच आहे. आठवड्यातली ही एक बैठक-तासिका शिक्षकाच्या कार्यभारात धरावी आणि वार्षिक तपासणीत वेळापत्रकाबरोबर समूहाची वहीही पाहावी. असे परिपत्रक एप्रिलअखेर शाळांच्या हातात पडले, तर येत्या जूनच्या वेळापत्रकात ती तासिका बसवता येईल.

आपले,
माध्यमिक शाळांत वेळापत्रकाचे काम पाहणारे काही शिक्षक