सम्या, दार वाजव

शनिवार पेठ, पुणे
रविवार, दुपारी साडेतीन

प्रिय सम्या,

काल फोनवर तू "सगळं मस्त रे" असं तीनदा म्हणालास. पहिल्यांदाच मला कळलं होतं. हाच 'मस्त' मी जर्मनीत शिकताना आखेनहून चार महिने आईला ऐकवलाय, त्याचा सूर मला पाठ आहे. फोनवर तुझ्याकडे उत्तर तयार असतं, म्हणून पत्र लिहितोय. यात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

संध्याकाळी तुमच्याकडे फराळाचा डबा परत द्यायला गेलो. काकूंनी दारातच विचारलं, "नीट जेवतो ना रे तो?" मी म्हटलं, "हो काकू, तिथे मेन्सात, म्हणजे कॉलेजच्या खाणावळीत, गरम जेवण मिळतं." मिळतंच. तू तिथे जातोस की खोलीत बसून ब्रेड चावतोस, ते मी सांगितलं नाही.

तुझ्या श्टुटगार्टला आता पावणेपाचच्या सुमारास अंधार पडत असेल. हिवाळ्यासाठी तिथली घड्याळं तासभर मागे गेली की आपल्यात साडेचार तासांचं अंतर. तुझ्याकडे दिवे लागतात तेव्हा इथे जेवणं उरकलेली असतात, आणि तुला खरंच बोलावंसं वाटतं तेव्हा अख्खं पुणं घोरत असतं. थंडीचा सगळे बाऊ करतात, पण एक धड जॅकेट घेतलं की थंडी संपली. पत्त्याची नोंदणी, विमा, व्हिसासाठी आधीच पैसे अडकवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला सुटणारे 992 युरो, हे सगळं तू माझ्यापेक्षा लवकर मार्गी लावलंस. शिवाय मला आखेनला फी नव्हती, तुला तिथे सेमिस्टरला 1500 युरो भरायचे आहेत. तू कॉफीचेही पैसे का मोजतोस ते कळतं मला.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पहिल्या नोव्हेंबरात मी तीन दिवस तापानं पडून होतो. आम्ही फ्लॅटमध्ये चौघे, स्वयंपाकघर एकच. बाहेर भांड्यांचे आवाज यायचे, कुणीतरी हसायचं, आणि माझ्या दाराशी कुणी फिरकायचं नाही. मी मनातल्या मनात त्या तिघांना आपल्या पेठेतल्या अस्सल शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी भिंत धरत पाणी प्यायला गेलो तर त्यातला एक माझा चेहरा बघून हबकलाच. म्हणाला, "दार बंद होतं, वाटलं तुला एकटं राहायचंय."

आपल्या वाड्यात सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही तर समोरच्या आजी काठीनं ठोकायच्या, आठवतं? आपण किती वैतागायचो! आणि तिथे बंद दाराला हात न लावणं हाच मान. माणसं वाईट नव्हती, सम्या. फक्त दाराचा अर्थ वेगळा होता.

मग मी शक्कल लढवली. दार किलकिलं ठेवायचं ठरवलं आणि ते मिटू नये म्हणून फटीत कोल्हापुरी चप्पल अडकवली. अर्ध्या तासानं शेजारची मुलगी आली. मी सावरून बसलो. तिनं वाकून चप्पल उचलली, भिंतीशी नीट सरळ ठेवली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि दार हलकेच लावून गेली! तिला वाटलं, चुकून अडकलीये. त्या दिवशी कळलं, चपलेनं भागणार नाही. तोंड उघडावं लागणार.

कॉलेजचंही तेच. आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म राहिला तर शिपायापासून सीआरपर्यंत चार जण बोंब मारतात. तिथे लेक्चरला बसलास म्हणजे परीक्षेला बसलास असं नाही. नाव वेगळं नोंदवावं लागतं, आणि मुदत हुकली तर कुणी हाक मारत नाही. माझा एक विषय असाच गेला, अभ्यास पूर्ण झालेला असताना. चूक शंभर टक्के माझी. हे वाचून झाल्यावर पोर्टल उघड आणि तारीख बघ. आणि आपले डोक्यातले मार्क विसर, तिथे 1.0 म्हणजे पहिला आणि 4.0 म्हणजे काठावर पास. मी पहिला 3.7 बघून खूश झालो होतो, येड्यासारखा.

माझी आजी तेव्हा मला आनंदीबाई जोशींचं उदाहरण द्यायची. 1883 मध्ये अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेली, 1886 मध्ये डॉक्टर झाली, आणि तुला मेलं फोनवर रडू येतं! आनंदीबाई परत आल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत क्षयानं इथेच पुण्यात गेल्या, बाविशीही गाठली नव्हती, हे आजी सोयीनं गाळायची. सोसण्याचं कौतुक आपल्याकडे जरा जास्तच आहे. तू त्या नादी लागू नकोस.

तेव्हा एवढं कर. प्रोफेसरांच्या भेटीची वेळ ठरलेली असते. त्या वेळी जा आणि "कळलं नाही" म्हण. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाम फुटला होता, त्यांनी शांतपणे फळ्यावर अर्धा तास समजावलं. रात्री झोप लागत नाही असं तू बोलता बोलता म्हणालास आणि लगेच विषय बदललास. मेन्सा चालवणाऱ्या श्टुडीरेंडनवेर्ककडेच, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेकडेच, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात. मी फेब्रुवारीत गेलो होतो. हे इथे आईलाही माहीत नाही, तुला पहिल्यांदाच सांगतोय. आणि फ्लॅटमध्ये कुणाचं तरी दार वाजव. काय बोलू, असं वाटलं तर मीठ माग. मी मागितलं होतं, घरात किलोभर असताना.

पुढच्या आठवड्यात मावसभाऊ म्युनिकला येतोय. त्याच्याबरोबर गोडा मसाला आणि मेतकूट देतोय. मसाला तीन पिशव्यांत गुंडाळलाय, तरी त्याच्या शर्टांना वास लागणार, त्याला अजून सांगितलं नाहीये. काकूंनी पेढे आणले होते, पण बाहेरून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. शेवटी पेढे मीच खाल्ले, चार.

रविवारी त्यांना फोन करशील तेव्हा 'मस्त' हा शब्द वापरायचा नाही. मी शेजारी बसून ऐकणार आहे.

तुझा,
निल्या

ता. क. फोडणी करताना खिडकी आधी उघड. स्मोक अलार्म वाजला तर मात्र सगळी दारं आपोआप उघडतात, एवढं खरं.