आबा, तुमच्या कॅलेंडरांबद्दल

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

प्रबंधात तुमचा उल्लेख ‘स्थानिक ग्रामस्थांचे सहकार्य’ एवढ्यावरच उरकावा लागला. नमुनाच तसा असतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

देवगडच्या सड्यावर, त्या जांभ्या दगडाच्या पठारावर, मी पर्जन्यमापक घेऊन आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “पाऊस पडता तो सगळ्यांकच दिसता. पानी खंय जाता, ता बघ.” माझ्या संशोधनाचा विषय तिथेच ठरला. मार्गदर्शकांना पटवायला मात्र बराच वेळ गेला.

सिंधुदुर्गात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि शिमगा सरला की बायकांची हंडे घेऊन वणवण. कारण विचारलं की वाडीत एकच उत्तर: बागायतदारांच्या पंपांनी विहिरी उपसल्या. तुम्ही वाद घातला नाहीत. माळ्यावरून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा काढलात. चौकटीचौकटीत तुमचं बारीक अक्षर: ‘तरणा. काठाखाली दोन हात.’ ‘दसरो. सात हात.’ ‘शिमगो. तळ दिसता.’ जुलैतल्या तरण्या पावसापासून शिमग्यापर्यंत, कासऱ्याला लोटा बांधून घेतलेली विहिरीच्या पाण्याची मापं, आणि त्यातली कितीतरी वाडीत वीज यायच्या आधीची!

बुकाननने १८०७ साली जांभ्याचं वर्णन छापलं, तेव्हापासून त्या दगडावर ढीगभर लिहून झालंय. पण पंप नसताना आपल्या वाडीची विहीर कशी उतरायची, ते फक्त तुमच्याकडे होतं. उतरायची ती अशीच, भराभर. पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली जातं, तळच्या चिकणमातीवर अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांवाटे निघून जातं. पंप अगदी निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणणार नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, “पंपांपूर्वीच्या नोंदी आहेत?” मी कॅलेंडर पुढे सरकवलं. त्यांनी आधी राशिभविष्य वाचलं, ते सोडा.

पुढे नोकरी लागली, चार निबंध छापले गेले. आता माझे विद्यार्थी बादली आणि स्टॉपवॉच घेऊन झऱ्यांचं पाणी मोजतात. आधी झरा, मग विहीर, पर्जन्यमापक शेवटी, हा क्रम तुमचाच.

काकींच्या उकड्या तांदळाच्या पेजेचे आभार वेगळे, ते समक्ष येऊन मानीन.

कॅलेंडरांचं पानन् पान स्कॅन करून ठेवलंय. मूळ गठ्ठा तुमच्या नातवाबरोबर पाठवतेय. तो रद्दीत जाणार नाही, एवढं मात्र काकींना बजावून ठेवा.

तुमची,
मास्तरीणबाई