लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक छापावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की इंदूरच्या जेल रोडवर लॅपटॉप घेणाऱ्या पालकांची गर्दी होते आणि आपल्या दैनिकातही लॅपटॉपच्या जाहिराती वाढतात. या जाहिरातींत प्रोसेसरबद्दल, म्हणजे लॅपटॉपचे सारे काम करणाऱ्या मुख्य चिपबद्दल, बहुधा ‘आय-५’ किंवा ‘आय-७’ एवढाच मालिकेचा उल्लेख असतो, आणि तेवढ्यावर विसंबून अनेक कुटुंबे आय-७साठी दहा-पंधरा हजार रुपये जास्त मोजतात. मी वाणिज्य शाखेत शिकवतो आणि हे पैसे सार्थकी लागतील का, असे पालक मला नेहमी विचारतात, म्हणून हे पत्र.

इंटेल या कंपनीच्या बाराव्या पिढीतील आय-५ १२३५यू आणि आय-७ १२५५यू हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंत कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) १०च आहेत, कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान स्मृती) १२ एमबीच आहे आणि दोन्ही मुळात १५ वॉट विजेवर चालणारेच आहेत. कमाल वेग एकाचा ४.४ आणि दुसऱ्याचा ४.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे फरक सुमारे सात टक्क्यांचा. तासाभराच्या कामात फार तर चार मिनिटे वाचतील. तीही हा वेग सतत टिकला तर, आणि पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता वाढताच प्रोसेसर आपला वेग स्वतःहून उतरवतो, त्यामुळे तो सहसा टिकत नाही. आय-७मधला ग्राफिक्सचा, म्हणजे पडद्यावरची चित्रे घडवणारा, भाग थोडा मोठा आहे हे खरे. पण रॅमची (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीची) एकच पट्टी असेल तर दोन्ही प्रोसेसरांच्या ग्राफिक्सची गती खुंटते आणि दुसरी पट्टी बसवल्यावरच ती खुलते.

माझ्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप सारखा अडत होता, म्हणून तिचे वडील नवा आय-७ घ्यायला निघाले होते. आम्ही प्रोसेसर आणि रॅम किती वापरात आहेत हे दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहिला. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब चालू असताना प्रोसेसर बराचसा रिकामाच होता, ८ जीबी रॅम मात्र जवळजवळ काठोकाठ भरली होती. रॅम भरली की विंडोज तिच्यातील माहिती एसएसडीवर, म्हणजे फाइली कायम साठवणाऱ्या ड्राइव्हवर, हलवू लागते, आणि एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमच्या मानाने ती फार संथ असते. मोकळ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली आणि तिची अडचण दूर झाली.

ज्यांना खरोखर वेगवान प्रोसेसर लागतो असे विद्यार्थीही आहेत. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखड्यांचे रेंडरिंग किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणे (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणे), ही कामे प्रोसेसरला दीर्घकाळ पूर्ण जुंपतात. अशांनी पैसे जरूर घालावेत, पण ‘आय-७’ या अक्षरांवर नव्हे. आय-५ १२४५०एच हा ४५ वॉटचा प्रोसेसर सलग चालणाऱ्या जड कामात १२५५यू या आय-७ला मागे टाकतो. आणि १४ कोअरचा आय-७ १२७००एच या दोघांच्याही बराच पुढे आहे. क्रमांकाच्या शेवटचे ‘यू’ (कमी विजेचा) किंवा ‘एच’ (जास्त विजेचा, जड कामासाठीचा) हे अक्षर इतके महत्त्वाचे असताना जाहिरातीत नेमके तेच गाळलेले असते. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या दुसऱ्या कंपनीचीही तीच गत आहे: रायझन ५ ७५२०यू हे नाव नव्या मालिकेतले असले, तरी त्याच्या कोअरची रचना झेन २, म्हणजे २०१९ मध्ये आलेली आहे.

आपण जाहिरातदारांना दोन गोष्टी छापण्याचा आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, आणि रॅम नंतर वाढवता येते की ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे हा तपशील. दुसरा तपशील तर मला अधिक निकडीचा वाटतो, कारण जोडलेल्या ८ जीबी रॅमचा लॅपटॉप एकदा घरी आला की पुढे त्यात रॅमची भर घालता येत नाही. तोवर पालकांनी दुकानदाराकडून या दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात.

आपला,
एक प्राध्यापक
रामबाग, इंदूर