भिंतीवरचे वाक्य आपले वाटले पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठ आणि नारायण पेठ या भागांतील अभ्यासिकांमध्ये राज्यभरातून आलेली मुले-मुली लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करत असतात आणि त्यांच्या टेबलासमोर बहुधा एक कागद चिकटवलेला असतो : ‘मी अधिकारी होणारच’. आमच्या घरातील एक खोली आम्ही अनेक वर्षे अशा मुलींना राहायला देत आलो आहोत, त्यामुळे हे कागद मी जवळून पाहिले आहेत. असे वाक्य रोज सकाळी आरशासमोर म्हणावे, असे क्लासमध्येही सांगितले जाते. त्यामागचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. परंतु हा उपाय सर्वांना सारखाच मानवतो, हे मला मान्य नाही.

स्वयंसूचनेची ही पद्धत जुनी आहे. फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) आपल्याकडे येणाऱ्यांना ‘दिवसेंदिवस मी सर्व दृष्टींनी अधिकाधिक बरा होत आहे’ अशा अर्थाचे वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना २० वेळा पुटपुटायला सांगत आणि मोजणीसाठी २० गाठींची दोरी वापरायला लावत. आपल्या जपमाळेची आठवण व्हावी अशीच ती रीत होती. मात्र त्या वाक्यात ‘होत आहे’ असे म्हटले आहे, ‘झालोच’ किंवा ‘होणारच’ असे नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य ठरावीक अंतराने मनाशी म्हणायला सांगितले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच चांगले होते, त्यांना त्याचा थोडा लाभ झाला. पण ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, त्यांची मनःस्थिती वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण हा उपाय सुचवतो, त्यांनाच तो बाधू शकतो.

आमच्याकडे राहणाऱ्या एका मुलीचे हेच झाले. दोनदा मुख्य परीक्षेत थोडक्या गुणांनी मागे पडल्यानंतर ती मला म्हणाली, “काकू, ते वाक्य म्हणायला लागले की आतून कोणीतरी ‘खोटं बोलतेस’ असं म्हणतं.” तिच्या क्लासमधील मार्गदर्शकांनी यावर तिला तेच वाक्य अधिक जोराने म्हणण्याचा सल्ला दिला. त्या दिवशी तिने जेवणाचा डबाही उघडला नाही, हे आठवले की मला आजही वाईट वाटते.

नंतर आम्ही दोघींनी मिळून तो कागद काढला. त्या जागी तिने लिहिले : ‘काल राज्यघटनेची दोन प्रकरणे पूर्ण केली, आज तिसरे घेईन.’ हे वाक्य ती रोज बदलते आणि ते रोज खरे असते. आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेल्या कामाचा अनुभव, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडले होते. दुसऱ्या कागदावर, सातबाऱ्यावरील एका चुकीसाठी वडिलांना कचेरीत किती खेपा घालाव्या लागल्या आणि म्हणून आपल्याला ही नोकरी का हवी आहे, हे तिने सविस्तर लिहिले. आपल्याला काय मोलाचे वाटते, यावर वर्गात थोडा वेळ लिहायला लावल्याने आपल्याविषयीच्या पूर्वग्रहांचे दडपण सोसणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, असे अमेरिकेतील जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात आढळले होते. या मुलीचा निकाल अजून लागायचा आहे. पण पहाटे अभ्यासाला बसताना होणारी धडधड थांबली आहे, असे ती सांगते.

अभ्यासिकांच्या चालकांना आणि क्लासच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, सर्वांच्या तोंडी एकच वाक्य देण्याऐवजी प्रत्येकाला आपले वाक्य स्वतः लिहू द्यावे आणि ते म्हणताना त्रास होत असल्यास थांबण्याची मोकळीक द्यावी. आपल्या दैनिकानेही या विषयावर एखाद्या समुपदेशकाचा लेख छापावा, आणि तो निकाल लागण्यापूर्वी छापावा, अशी विनंती करते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे