माथेरानचे शेवटचे तीन किलोमीटर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या, की पुण्यातून मुलाबाळांसह माथेरानला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. बहुतेक जण आधी खोलीचे भाडे पाहतात. ती खोली दस्तुरी नाक्यापासून किती लांब आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही आणि तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे. हॉटेल बाजारपेठेच्या पलीकडे असेल, तर चाल आणखी वाढते. पाच वर्षांचे मूल, सत्तरीचे आजोबा आणि तीन बॅगा कशा न्यायच्या, हे घरीच ठरायला हवे.

रेल्वेने जायचे तर कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठावे. मात्र मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबत नाही, ते तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. नेरळहून १९०७ पासून धावणारी छोटी गाडी वर जायला अडीच तास तरी घेते. पण ज्या मुलांना गाडी लागते, त्यांना टॅक्सीतल्या वळणांपेक्षा ती बरी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. तेव्हा शेअर टॅक्सीने दस्तुरीला यावे आणि अमन लॉजहून माथेरान स्थानकापर्यंत जाणारी छोट्या गाडीची शटल पकडावी. हे स्थानक नाक्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. ‘शटल बंद आहे’, ‘स्टेशन फार लांब आहे’ असे कोणी सांगितले, तरी तिकीट खिडकीवर जाऊन स्वतः खात्री करावी. पर्यटकांच्या अशाच दिशाभुलीविरोधात मार्च २०२५ मध्ये खुद्द माथेरानमध्ये बंद पाळला गेला होता. घोडा किंवा हमाल घ्यायचा, तर दर आधी पक्का करावा: कोठपर्यंत, किती नगांचे, सगळे मिळून किती. ई-रिक्षा मोजक्या आहेत, त्यांच्या भरवशावर आजी-आजोबांना नेऊ नये.

स्वतःची गाडी शनिवार-रविवारी नेरळलाच ठेवलेली बरी. घाट उभ्या चढाचा आहे. रांगेत थांबत थांबत चढताना क्लच जळतो, उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आले की ब्रेक तापतात. वर दस्तुरीचे वाहनतळही भरलेले असते.

चाकांची बॅग नेऊ नये. जांभ्याचे दगड आणि मुलांच्या पांढऱ्या मोज्यांना घोट्यापर्यंत लाल करणारी ती धूळ, यात चाके अडकतात आणि शेवटी बॅग उचलावीच लागते. बाबागाडीचेही तेच, लहान बाळासाठी कापडी झोळी घ्यावी. खाऊ सॅकमध्ये आत ठेवावा. हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली, की माकड झडप घालते आणि मूल घाबरून पळताना पडते.

नेरळ स्थानक आणि दस्तुरी नाका या दोन्ही ठिकाणी अंतरे, शटलच्या वेळा व घोड्यांचे दर मराठीत, ठळक अक्षरांत लावावेत. हॉटेलचालकांनीही बुकिंग घेतानाच ‘नाक्यापासून इतके किलोमीटर’ असे लिहून द्यावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे