सांगाड्यावरची जर दाखवणाऱ्या मावशींना

मावशी,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून जेवणाचा विषय काढता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. आता मधेच तोडता येणार नाही.

मी म्युनिकला आले ती जरीकामाचे जुने नमुने बघायला. माझ्या यादीत संग्रहालयं होती, चर्चचे जुने झगे होते, सांगाडे नव्हते. यादी बघून तुम्ही एवढंच म्हणालात, "जर बघायचीय ना? मग आधी आल्टर पेटरमध्ये चल." मारिएनप्लाट्झजवळचं ते सेंट पीटरचं चर्च. बाजूच्या वेदीपाशी काचेच्या पेटीत संत मुंडिशिया. अंगभर खडे, सोन्याची नक्षी, कवटीत बसवलेले काचेचे डोळे, किडक्या दातांवरही रत्नं, आणि हातात वाळलेल्या रक्ताची म्हणून सांगतात ती काचेची कुपी. मी दोन पावलं मागे सरले. आपल्याकडे माणूस गेला की अस्थी रामकुंडात सोडून मोकळं व्हायचं. त्या घरात ठेवायच्या नाहीत, मग नटवणं तर लांबच. माझा चेहरा बघून तुम्ही कानात म्हणालात, "घाबरू नकोस, ही आपल्यासारख्या एकट्या बायकांची संत आहे." देवळात हसू नये एवढं कळत होतं, तरी हसले. ती खरंच अविवाहित स्त्रियांची पाठीराखी मानली जाते, हे नंतर कळलं. मला वाटलं होतं तुम्ही थट्टा करताय.

पण खरे आभार त्यापुढच्या गोष्टीचे. तिच्या थडग्याच्या शिळेवरचा लॅटिन मजकूर तुम्ही मला ओळीओळीने सांगितलात. साठ वर्षं जगली, शांतीने गेली, आणि तारीख १७ नोव्हेंबर. आजही तिचा सण त्याच तारखेला मेणबत्त्या लावून करतात. शेवटच्या 'एपीसी' या तीन अक्षरांवरून मात्र वाद आहे. कुणी त्यातून इ. स. ३१० हे वर्ष काढतं, तर कुणी तिचं डोकं कुऱ्हाडीने उडवलं असं वाचतं. मला विचाराल तर 'शांतीने गेली' असं कोरणाऱ्या घरच्यांवर मी जास्त विश्वास ठेवीन.

मुंडिशियासारखी ही नटवलेल्या सांगाड्यांची मंडळी रोमहून इथवर आली कशी, हे तुम्ही वाल्डसासेन या गावी जाताना गाडीत सांगितलंत. १५७८ साली रोमच्या व्हिया सालारियावर द्राक्षमळ्यातल्या मजुरांना जमिनीखाली जुनी दफनभुयारं सापडली. तिकडे जर्मन मुलखात प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी चर्चमधले अवशेष फोडून, फेकून दिलेले. कॅथलिकांना रिकाम्या वेद्या भरायच्या होत्या आणि रोमला हाडांचा तोटा नव्हता. थडग्यावर 'एम' दिसला की मार्टिर, म्हणजे हुतात्मा, असं धरून चालायचे, आणि ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला नवं नाव द्यायचे. आपला वाद झाला तो इथेच. तुमचं म्हणणं, श्रद्धा खरी होती. माझं म्हणणं, असेल, पण कुणा अनोळखी रोमन माणसाच्या हाडांना हुतात्मा ठरवताना त्याला कोण विचारणार? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मी माघार घेणार नाही.

वाल्डसासेनच्या बॅसिलिकात मात्र माझं तोंड बंद झालं. चेक सरहद्दीजवळचं एवढंसं गाव, आणि वेद्यांवर काचेआड उभे-आडवे हे रत्नजडित सांगाडे. तुम्ही पर्समधून नाटकाला नेता ती छोटी दुर्बीण काढून माझ्या हातात दिलीत. "तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ." बघितलं. बोटाचं एकेक पेर वेगळं, आणि प्रत्येकावर इतकी तलम रेशमी जाळी की हाडाचा पिवळेपणा खालून दिसतो. जाळीच्या कडेने मोत्यांची ओळ. पेराच्या मधोमध खडा, आणि खड्याभोवती तारेचं वेटोळं. ते वेटोळं बघून मी जवळजवळ ओरडलेच, कारण तो दबका होता! आमच्या जरदोशीच्या कारखान्यात बारीक स्प्रिंगसारखी वळलेली तार कात्रीने तुकडे करून सुईत ओवतात, तोच. फासळ्यांवर तर तारेची फुलंपानं, प्रत्येक फासळीवर वेगळी.

जाळी नुसती शोभेची नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. हाडांवर धूळ बसू नये, बारीकसारीक तुकडे निखळून हरवू नयेत, आणि टाके घ्यायला काहीतरी आधार हवा, म्हणून ती आधी गुंडाळायची. हाडात सुई जात नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. हे काम बहुतेक ठिकाणी मठातल्या जोगिणींनी केलं, ज्यांची नावं कुठेच नाहीत. वाल्डसासेनला मात्र कारागिराचं नाव राहिलं आहे, आडालबार्ट एडर. तो पाद्री नव्हता, मठातला साधा बंधू होता. संतांना नावं उसनी दिली आणि शिवणाऱ्या बायकांची होती ती पुसली, यावर आपण दोघी एकदम "बघा!" म्हणालो. तेवढ्यापुरतं आपलं एकमत.

परतताना मी गोव्याचा विषय काढला. बॉम जेझूमधली सेंट झेवियरची चांदीची पेटी मी लहानपणी पाहिली होती, पण कारागिरी म्हणून कधी पाहिली नाही. ती सतराव्या शतकात गोव्यातल्याच चांदीकाम करणाऱ्यांनी घडवलेली. आणि त्याचा उजवा हात १६१४ साली कापून रोमला पाठवला होता. म्हणजे हाडांची ये-जा दोन्ही दिशांनी चालू होती. तुम्ही त्यावर "अगं बाई" एवढंच म्हणालात आणि डब्यातला चिवडा पुढे केलात.

आणखी एक. पुढच्या काळात लोकांना या सांगाड्यांची लाज वाटू लागली. १८०४ मध्ये मुंडिशियाच्या पेटीसमोर लाकडी फळ्या ठोकल्या, त्या १८८३ पर्यंत होत्या. बाकीच्या कितीतरी जणांचे खडे काढून विकले गेले. तुम्ही नसतात तर मीही मनातल्या मनात तशीच फळी ठोकून पुढच्या संग्रहालयाला गेले असते. तिथले झगे चांगलेच होते म्हणा, पण काचेआडून दबक्याचा टाका मोजता येईल इतकं जवळ काही नव्हतं.

त्या पेराचा नमुना मी इथे करून बघितला. हाडाऐवजी लाकडी दांडी, वर ऑर्गेन्झा. जाळी अजून सुरकुततेय. कारखान्यातले चाचा म्हणतात, कापड ओलं करून ताण. तुमच्याकडच्या त्या जर्मन पुस्तिकेत जाळी कशी ताणायची याची दोन पानं आहेत, त्यांचे फोटो पाठवाल का? मराठीत सांगायचं काम तुमचंच, रविवारी फोन करते. दुर्बीण ताईबरोबर परत पाठवतेय, मऊ कापडात गुंडाळून.

तुमची,
यादीवाली