धुळे आणि धुये: शेजारच्या वर्गातल्या बाईंना

आदरणीय बाई,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. नात वाचून दाखवेल. घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा ठेवायला उठला असता आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून हे चारचौघांत.

जून २०२२ मध्ये मला तिसरीचा वर्ग मिळाला. २०२० साली पहिलीत नाव घातलेली ती मुलं. कोरोनामुळे पहिली-दुसरी बहुतेक घरातच सरलेली. मी सांगलीकडचा, धुळ्याकडची अहिराणी बोली कानावर पडली की नुसता हसायचो. पहिला महिना मी भिंतीवरचा तक्ता, हातात पट्टी आणि 'क काना का' यावर काढला. वर्ग दणाणायचा. मला वाटायचं, जमतंय.

एकदा तुम्ही येऊन शेवटच्या ओळीतल्या मुलाजवळ बसलात. तो धडा घडाघडा म्हणत होता. तुम्ही मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलंत, "हे काय रे भाऊ?" त्याने ओळ पुन्हा सुरुवातीपासून धरली. त्या शब्दापर्यंत पोचायला त्याला अख्खी ओळ म्हणावी लागली! तुम्ही मला काहीच बोलला नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या फळ्यावर तुम्ही फक्त म, क, ल, र, घ, ब आणि काना लिहिलात. सगळी बाराखडी संपायची वाट कशाला बघायची, म्हणालात. एवढ्यात मका आहे, घर आहे, बकरा आहे, 'काकाला मार'सुद्धा आहे. त्यावर पोरं एवढी हसली की ते वाक्य प्रत्येकाने स्वतःहून वाचलं.

पहिल्या वेलांटीचं मला कधी सुचलंच नसतं. एक मुलगी 'किती'चं 'इकती' वाचायची आणि मी तिला धांदरट समजायचो. "ती डावीकडून उजवीकडे अगदी शिस्तीत वाचतेय, सर. वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, हे तिला कुणी सांगितलंय का?" मी सांगितलं नव्हतं. मलाच ते कधी दिसलं नव्हतं.

आणि धुळ्याचं. तुमच्या त्या खोक्यात बिस्किटांचे पुडे, जुन्या लग्नपत्रिका, एसटीच्या पाटीसारख्या गावांच्या पट्ट्या असायच्या. एका मुलाने 'धुळे'ची पट्टी उचलली आणि 'धुये' वाचलं. मी लगेच "चूक" म्हणालो. तुम्ही मला व्हरांड्यात नेलंत. "त्याच्या घरी धुयेच म्हणतात. डोळ्यालाही डोयाच म्हणतात. ळ ओळखला म्हणून तर त्याच्या तोंडी य आला. वाचता येत नसतं तर तो शिरपूर म्हणाला असता."

तेव्हापासून मी चूक ऐकली की आधी दोन क्षण गप्प बसतो. बाई, तुम्ही मला दिलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

पुढे तुम्ही मुलांचीच वाक्यं कागदावर उतरवून घेऊ लागलात. 'मनी माय वावरमा गई' जसंच्या तसं, आणि त्याखाली 'माझी आई शेतात गेली.' आधी वरचं वाचायचं, मग खालचं. मीही अहिराणी तिथेच शिकलो, तिसरीच्या पोरांबरोबर.

'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, तेही समजून, असं आहे. आम्ही ६० लक्षात ठेवले आणि 'समजून' विसरलो. तुम्ही घड्याळ बाजूला ठेवून मुलाला विचारायचात, "मग बकरा कुठं गेला?"

सगळी मुलं वाचती झाली असं मात्र नाही. दोघं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आणि परत आली तेव्हा अक्षरं पुसलेली होती. यावर तुमच्याकडेही उत्तर नव्हतं. तुम्ही खोकं उघडून पुन्हा मका आणि घर काढलंत.

आता माझी बदली झालीय, तुम्ही निवृत्त आहात, आणि खोकं माझ्याकडे आहे. परत मागू नका. तुमच्या अक्षरातली 'मका'ची चिठ्ठी फाटली. मी नवी केली, पण तुमच्यासारखा क काही मला जमेना. दिवाळीत येतो तेव्हा कार्डशीट आणि स्केचपेन घेऊन येईन. सहा अक्षरं लिहून द्या, आणि काना.

तुमचा,
शेजारच्या वर्गातला सर